लादीसारख्या बर्फावर स्की टूरिंग: कोल्हापूरकर नवख्यांसाठी पहिला दिवस

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि पन्हाळा ९७५ च्या आसपास. म्हणजे शहरातून गडावर जायचं तर चारशे-सव्वाचारशे मीटर उंची चढावी लागते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि गोंडोला रोपवेचा पहिला टप्पा जिथं संपतो ते कोंगडोरी ३,०५० च्या आसपास. इथंही फरक चारशेचाच. स्की टूरिंगचा पहिला दिवस एवढाच ठेवावा: पायात स्की घालून एक पन्हाळा चढायचा आणि उतरायचा. कागदावर हे किरकोळ वाटतं, पण सकाळी सात वाजता वाट लादीसारखी गोठलेली असते तेव्हा याच चारशे मीटरला घाम फुटतो.

टूरिंगमध्ये रोपवे न वापरता स्कीवरूनच चढायचं असतं. त्यासाठी स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस मागच्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळं स्की पुढं सरकते आणि मागं यायला लागली की केस उभे राहून बर्फ धरतात. चढताना टाच मोकळी असते, फक्त बुटाचं नाक बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीत, अडकलेलं असतं. माथ्यावर स्किन काढायची, टाच बंद करायची आणि नेहमीच्या स्कीसारखं उतरायचं.

एक अट आधीच सांगतो. ज्याला गुलमर्गच्या किंवा औलीच्या तयार उतारावर कुठंही थांबता येत नाही आणि दोन्ही बाजूंना आडवं घसरता येत नाही, त्यानं टूरिंगचा विचार पुढच्या वर्षावर टाकावा. आधी गुलमर्गच्या आयआयएसएम या संस्थेचा किंवा मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा स्की कोर्स करावा. चढणं आठवड्यात जमतं. कडक बर्फावर उतरणं तसं जमत नाही.

बर्फ आणि बर्फ

मराठीत सगळ्याला बर्फच म्हणतात. उसाच्या रसात फोडून घालतात तोही बर्फ आणि आकाशातून भुरभुरतो तोही बर्फ. स्कीवाल्याला मात्र निदान चार प्रकार ओळखता आले पाहिजेत. पहिला भुसभुशीत ताजा. दुसरा लादी, म्हणजे दिवसा वितळून रात्री गोठलेला; त्यावर काठी मारली की ‘टक्’ असा आवाज येतो आणि टोक आत जात नाही. तिसरा पापुद्रा: टम्म फुगलेल्या भाकरीसारखा, वरून कडक आणि आत पोकळ. त्यावर उभं राहिलं तर धरतो, वळायला गेलं की फुटतो आणि स्की आत अडकते. गुडघे दुखावणारा हाच. चौथा रवा: लादीचा वरचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर थर उन्हानं सुटून दाणेदार झालेला. उतरायला याच्यासारखं सुख नाही, सगळी धडपड याच्यासाठीच.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चभर लादीच्या सकाळी जास्त असतात. आकाश निरभ्र असेल तर रात्री बर्फाची उष्णता वर निघून जाते आणि हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असले की ते गोधडीसारखे उष्णता अडवतात आणि सकाळी नुसता पातळ पापुद्रा मिळतो. म्हणून आदल्या रात्री हॉटेलबाहेर येऊन वर बघायचं. चांदण्या लख्ख असतील तर उद्या लादी, हे धरून चालावं.

दिवसाचा हिशोब यावरून मांडायचा. सकाळी भीती घसरण्याची असते. उन्हं चढल्यावर बर्फ ओला होतो, त्याची पकड सुटते आणि भीती हिमस्खलनाची असते. या दोन्हींच्या मध्ये रव्याचे फार तर दोन तास मिळतात. पूर्वेकडचा उतार आधी सुटतो, मग दक्षिणेचा, शेवटी पश्चिमेचा. उत्तरेचा कित्येकदा दिवसभर कडकच राहतो. त्या दोन तासांत उताराच्या माथ्यावर तयार उभं असायचं, एवढ्यासाठी पहाटे उठायचं.

कोल्हापुरात करायची तयारी

आठ आठवडे पुरतात. आठवड्यातून एकदा पाठीवर आठ-दहा किलो घेऊन पन्हाळा किंवा जोतिबाचा डोंगर चढायचा आणि तासाला तीनशे मीटर हा वेग न धापता टिकतो का ते बघायचं. बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. उतरताना मांड्या थरथरतात तिथं खरं काम असतं, आणि त्यासाठी तालमीतल्या बैठकांना तोड नाही. फक्त खाली जाताना चार सेकंद लावायचे आणि वर येताना एक. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड केलेल्यांना चिखलात तोल सांभाळायची सवय असते. ती कामी येते, पण चिखल पाय धरतो आणि लादी सोडते हे विसरू नये.

हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस शोधायचा सरावही इथंच करावा. छातीवर बांधायचा ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडतो. सगळ्या कंपन्यांचे एकमेकांना ऐकतात. ऊस तुटल्यावर शेतात पाचट पडलेलं असतं, त्याच्या ढिगात एक ट्रान्सीव्हर डब्यात घालून पुरा आणि मित्राला शोधायला लावा. शेवटच्या तीन मीटरमध्ये यंत्र जमिनीलगत धरून, न फिरवता, आधी पुढं-मागं आणि मग डावी-उजवीकडं न्यायचं. सगळ्यात लहान आकडा येतो तिथून प्रोब, म्हणजे बर्फात चाचपायची लांब सळई, खुपसायला सुरुवात. प्रोब उताराला काटकोनात, दर वेळी २५ सेंटिमीटर अंतरानं, गोल गोल बाहेर. लागला की तो काढायचा नाही. खणायचं ते प्रोबच्या खालच्या बाजूनं, उताराकडून आत. गाडलेल्याच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्यानं घसरते, म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत वेळ गेलेली असते. सोबतच्यांनीच काढायचं असतं.

प्रवासाबाबत तीन गोष्टी. इतर राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. परदेशी लोक सॅटेलाइट मेसेंजर वापरताना व्हिडिओत दिसतात. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच अडकाल. आणि तंगमर्गच्या पुढं गुलमर्गपर्यंतचे १३ किलोमीटर टायरला साखळ्या लावलेल्या गाडीनं जायचं, आपली गाडी वर घालायचा नाद करू नये.

सामान, आणि ते कुठं दगा देतं

टूरिंगचा सेट गुलमर्गला भाड्यानं मिळतो, पण साधे स्की आणि टूरिंगचे स्की यात फरक आहे. बुटाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना धातूची छोटी भोकं हवीत, त्यात बाइंडिंगच्या पिना बसतात. बूट आणि बाइंडिंग दुकानातच जोडून बघा. मग स्कीच्या कडेवर अंगठ्याचं नख आडवं ओढा. नखाचा बारीक कीस निघाला तर कड चांगली. नुसतं गुळगुळीत सरकलं तर तिथंच धार लावून घ्या. ताज्या बर्फात बोथट कड खपते, लादीवर खपत नाही.

स्किन लावल्यावर दोन्ही बाजूंना लोखंडी कड एक-दोन मिलिमीटर उघडी राहिली पाहिजे. ती स्किनखाली झाकली गेली तर आडव्या चालीत पकडच राहत नाही. स्की क्रॅम्पॉन म्हणजे बाइंडिंगखाली बसणारी दातेरी पट्टी, आणि ती आपल्या स्कीच्या रुंदीचीच हवी. अरुंद असेल तर बसणार नाही, फार रुंद असेल तर वाकेल. लादीच्या दिवसाला ती ऐच्छिक नाही. तिच्याशिवाय बुटाचे क्रॅम्पॉन, हलकी आइस ॲक्स, हेल्मेट, ट्रान्सीव्हर, २४० सेंटिमीटर किंवा जास्त लांबीचा प्रोब आणि धातूच्या पात्याचं फावडं. प्लॅस्टिकचं फावडं नको. हिमस्खलन थांबल्यावर त्याचा ढीग काँक्रीटसारखा घट्ट होतो.

सुती बनियन कोल्हापुरातच ठेवून जा. सूत घाम पितं आणि सोडत नाही, मग थांबल्या थांबल्या हुडहुडी भरते. अंगाला लोकरी किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर पातळ वारारोधक, आणि पिशवीत जाड जॅकेट. हातमोजे दोन जोड, मनगटाला दोरीनं बांधलेले, कारण लादीवर खाली ठेवलेली कुठलीही वस्तू आपली राहत नाही. पाणी दीड लिटर, बाटली उलटी ठेवून. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळं बूच मोकळं राहतं. नळीच्या पिशव्या गोठतात. खायला शेंगदाणा-गुळाचे लाडू उत्तम, फक्त आतल्या खिशात ठेवा. चिक्की नेऊ नका, शून्याखाली ती दातांची परीक्षा बघते.

आदली संध्याकाळ

डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते आणि गुलमर्गला स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्ती-बचाव पथकही रोजची स्थिती सांगतं. धोक्याची पातळी एक ते पाच असते. नवख्यांनी एक किंवा दोनलाच निघावं आणि तेव्हाही ३० अंशांखालच्या उतारांवर राहावं, कारण बहुतेक थर-स्खलनं ३० ते ४५ अंशांवर सुटतात. कोन फोनमधल्या कोनमापकानं कळतो. फोन काठीवर ठेवायचा आणि काठी उतारावर. आपला उतार सौम्य असला तरी त्याच्या डोक्यावर काय आहे तेही बघा, वरून आलेलं आपल्या उताराचा कोन विचारत नाही. लादीवर नवा बर्फ पडला असेल, आणि त्यातून वारा असेल, तर तो दिवस सरळ सोडून द्यावा. गुळगुळीत थरावर नवा थर नीट चिकटलेला नसतो. गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या बाजूला १ फेब्रुवारी २०२३ ला दोन पोलिश आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात गेले. परदेशातून मुद्दाम स्कीसाठी आलेली ही माणसं होती. कोंगडोरीच्या वरचा अफरवट पहिल्या वर्षी फक्त बघायचा.

सोबत स्थानिक गाइड घ्या. गुलमर्गला पोचल्यावर निदान दोन रात्री काढून मग निघा. ५५० मीटरवरच्या माणसाला २,६५० ची सवय एका रात्रीत होत नाही. डोकं ठणकत असेल, मळमळत असेल तर चढायचं नाही. ट्रान्सीव्हरमध्ये नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाला. रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या शेवटपर्यंत भरलेल्या दाखवतात आणि अचानक मरतात, त्यामुळं कंपनीनं सांगितलं असेल तरच वापराव्यात. बूट रात्री खोलीत, उबेत.

सकाळ: निघण्याआधी

मार्चच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. साडेसातला चालायला सुरुवात करायची. चारशे मीटरला नवख्यांना दीड तास, वर थांबे मिळून दोन. म्हणजे साडेनऊला माथा, अर्धा तास तयारी आणि दहाच्या पुढं उतरायला सुरुवात. साडेअकराला कुठंही असाल तरी परतायचं, हे निघतानाच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. वर गेल्यावर ठरवायला गेलं की कुणीतरी ‘एवढ्यात काय जातंय’ म्हणतोच.

दारातच ट्रान्सीव्हरची तपासणी. सगळे ‘शोध’वर, एकजण ‘प्रसारण’वर, सगळ्यांना तो ऐकू येतो का? मग उलट: एक शोधवर आणि बाकीचे अंतर ठेवून एकेक करून त्याच्यासमोरून जातात. शेवटी सगळे प्रसारणवर, आणि दिवसभर तसंच. फोन ट्रान्सीव्हरपासून निदान २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५० सेंटिमीटर. छातीवर यंत्र आणि त्यावरच्याच खिशात फोन ही नवख्यांची नेहमीची चूक.

सुरुवातीला थोडी थंडी वाजलीच पाहिजे. जाड जॅकेट घालून निघालात तर दहा मिनिटांत घाम, आणि तोच घाम वर गेल्यावर अंगावर गोठेल.

बूट अडकवताना आधी त्याच्या नाकाची भोकं काठीच्या टोकानं साफ करा. बाइंडिंगच्या नाकाखाली बर्फ दाबून बसला असेल तर जबडा बंद झाल्यासारखा दिसतो, पण पिना पूर्ण आत गेलेल्या नसतात. पिना बसल्यावर पाय चार-पाचदा मागं-पुढं हलवायचा, आतला बर्फ निघतो, मगच पुढचा खटका वर ओढून कुलूप करायचं. खटका वर असताना स्की पायातून सुटत नाही, हे लक्षात ठेवा. पुढं काम आहे त्याचं.

चढताना

पाय उचलायचा नाही, सरकवायचा. पावलं लहान, शरीर ताठ, वजन टाचेवर. पुढं वाकलं की स्किनवरचा दाब कमी होतो आणि स्की मागं सटकते. घाबरून माणूस आणखी वाकतो आणि आणखी सटकतो. आडव्या चालीत मन म्हणतं की वरच्या कडेवर उभं राहावं. ऐकू नका. कडेवर उभं राहिलं की स्किन हवेत आणि पकड नुसत्या कडेच्या रेषेवर. घोटा खालच्या बाजूला झुकवून स्किन पूर्ण टेकवायची. घोटा यासाठी लवचीक लागतो, म्हणून बूट चढताना ढिले.

स्की क्रॅम्पॉन लागण्याआधी लावायचे. पुढचा टप्पा चकाकताना दिसला की सपाट जागी थांबून लावा, चकाकीच्या मध्यावर पोचल्यावर एका पायावर उभं राहून ते बसत नाहीत. चढावर टाच उंच ठेवणारा बाइंडिंगवरचा उंचवटा वर ठेवला असेल तर दात पूर्ण आत रुततच नाहीत, कारण क्रॅम्पॉन बुटाबरोबर वर उचललेला राहतो. उंचवटा खाली करा, पोटऱ्या दुखल्या तरी. क्रॅम्पॉन असताना सरकवणं बंद होतं, पाऊल थोडं उचलावं लागतं. तरीही दात नुसते ओरखडे काढत असतील तर तिथं स्कीचं काम संपलं. स्की पाठीवर, बुटाचे क्रॅम्पॉन, हातात ॲक्स. किंवा परत. नवख्यांनी परत.

चढावर दिशा बदलायला किक टर्न लागतो. जागा आधी पायानं दाबून घ्या, दोन्ही काठ्या वरच्या बाजूला रोवा, वरची स्की उचलून नव्या दिशेला आडवी ठेवा, वजन तिच्यावर न्या, आणि मग दुसऱ्या पायाची टाच मागं झटकून स्कीचं नाक वर उडवा. हे शेवटचं झटकणं चुकलं की स्की पोटरीला अडकते. सपाटीवर पन्नासदा करा, मगच उतारावर.

दर पाऊण तासाला दोन घोट, चार घास. कुणाच्या नाकावर, गालावर पांढरा डाग दिसतो का ते एकमेकांच्या तोंडाकडं बघून सांगा. ज्याचा त्याला दिसत नाही. डाग दिसला तर उबदार तळवा धरून ठेवा, चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर कातडीला ते उणे वीससारखं लागतं.

माथ्यावर

इथं क्रम पाठ असावा. पोचल्या पोचल्या जाड जॅकेट, घाम आटायच्या आत. पिशवी बर्फात दाबून ठेवायची. मग एका वेळी एकच स्की काढायची आणि दुसरी पायात ठेवायची. काढलेली स्की कधीही तळावर ठेवू नका, ती गेली तर तंगमर्गलाच भेटेल. स्किन ओढून काढा, गोंद गोंदाला चिकटवून घडी करा आणि जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा. पिशवीत टाकलेली स्किन गोठते आणि पुन्हा चढावं लागलं तर चिकटत नाही.

बाइंडिंग उतरण्याच्या स्थितीत फिरवा, टाचेच्या पिनांभोवतीचा बर्फ खरवडा. बुटाचा मागचा खटका ‘चाल’वरून ‘स्की’वर, त्याच्या खाचेत बर्फ असेल तर तो लागल्यासारखा वाटतो पण लागत नाही, म्हणून नडगीनं पुढं जोर देऊन बघा. बकल आवळा. आणि मघाचं ते कुलूप: बहुतेक पिनांच्या बाइंडिंगमध्ये पुढचा खटका उतरताना पूर्ण वर नको, मधल्या स्थितीत हवा. कुलूप राहिलं तर पडल्यावर स्की सुटणार नाही, आणि मग स्कीऐवजी पाय मोडतो. जोडीदाराकडून खटका बघून घ्या. सरावाच्या माणसाला हे सगळं पाच मिनिटांचं काम, नवख्याला वीस. म्हणूनच वर अर्धा तास धरला आहे.

उतरताना

आधी वाट बघा. काठीचं टोक उतारात खुपसा. ‘टक्’ आवाज आला तर थांबा, चहा प्या. सेंटिमीटरभर रवा लागला की निघा. घोट्यापर्यंत काठी सहज जात असेल तर उशीर झाला आहे. कमी उताराची, झाडांमधली, रोज वापरातली वाट धरा आणि एकेकानं खाली या. काठ्यांचे पट्टे मनगटात नकोत.

लादीवरच उतरावं लागलं तर आडवं घसरणं हेच मुख्य शस्त्र. स्की उताराला आडव्या, वजन खालच्या स्कीवर, छाती दरीकडं. घोटे किंचित सोडले की घसरता, आवळले की थांबता. नवख्याचं शरीर डोंगराकडं झुकतं, त्यात कडेवरचं वजन जातं आणि स्की निसटते. वळण घ्यायचं तर सपाट तुकड्यावर, झटका न देता. पापुद्र्यावर दोन्ही स्कींवर सारखं वजन, पाय थोडे फाकलेले. फुटायला लागला तर आडवं जाऊन थांबा आणि किक टर्ननं वळा. दिसायला बावळट दिसतं, पण गुडघा शाबूत राहतो.

पडलात तर पहिल्या सेकंदातच काम करायचं, त्यानंतर वेग हाताबाहेर जातो. पालथे व्हा, स्की खालच्या बाजूला आडव्या आणा, काठी टोकाजवळ दोन्ही हातांनी धरून छातीखाली घ्या आणि टोक बर्फात दाबा. पायात बुटाचे क्रॅम्पॉन असतील तर मात्र गुडघे वाकवून पाय वर ठेवायचे. दात अडकले तर माणूस कोलांटी खातो. आपल्या खालच्या रेषेत झाडं, दगड किंवा कडा असेल तर तिथं लादीवर उतरूच नये, कारण थांबायला जागाच नाही.

अपघात झाला तर आधी स्की पेट्रोल, मग ११२. जखमी माणसाच्या अंगाखाली पिशवी आणि दोर घालून त्याला बर्फापासून उचला. वरून दहा जॅकेटं घातली तरी खालून थंडी खेचत राहते.

संध्याकाळी स्किन खोलीत, हीटरपासून लांब वाळत घाला, नाहीतर गोंद वितळून केसांत उतरतो. स्कीच्या कडा कोरड्या पुसा, रात्रीत गंज धरतो. ट्रान्सीव्हर बंद करा. तो चालू राहून दुसऱ्या दिवशी बॅटरी संपलेली सापडणं हे दर हंगामात कुणाचं ना कुणाचं ठरलेलंच आहे.